डाव्या अंगाला दोन टपल्या

रेकॉर्ड प्लेअर बंद पडला तेव्हा मापेसाहेबांनी नेहमीप्रमाणे त्याच्या डाव्या अंगाला दोन टपल्या मारल्या आणि ते फिरायला गेले.

ही त्यांची पद्धत होती आणि लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती सिद्ध झाली होती. यंत्र अडलं की दोन टपल्या मारायच्या, फार जोरात नाही आणि फार हळूही नाही, आणि मग आपण तिथून निघून जायचं. तेव्हा ते कामावर जात. संध्याकाळी परत यावं तर यंत्र ठणठणीत. पाहुण्यांना ते समजावून सांगत, "यंत्राला ओळखीचा हात लागतो. आणि टपली मारल्यावर समोर उभं राहायचं नाही. त्याला संकोच होतो." बायको चहाचे कप गोळा करता करता म्हणायची, "ह्यांच्या हाताला गुणच आहे." पाहुणे माना डोलवायचे. काहींनी आपापल्या घरी प्रयोगही करून पाहिला. त्यांच्या हाताला गुण नव्हता.

या वेळी मापेसाहेब बागेला वळसा घालून आले तरी यंत्र ढिम्म. आत मोटर घरघरत होती, पण वरची चकती हलायला तयार नाही. त्यांनी पुन्हा टपल्या मारल्या आणि भाजी आणली. परत टपल्या मारल्या आणि काही काम नसताना पोस्टात जाऊन आले. पुढचे काही दिवस त्यांचं हे जाणं-येणं चालूच राहिलं. शेजारी म्हणाले, बायको गेल्यापासून बिचाऱ्यांना घर खायला उठतंय. ते खरंच होतं. पण यंत्र दुरुस्त व्हावं म्हणून माणूस बाहेर हिंडतोय, हे कोणाच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं.

मापेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात नोकरी केली. दुकानातला तराजू तपासायचा, आपली वजनं घालून बघायची, काटा मधोमध थांबला की "माप बरोबर आहे" असं म्हणून शिक्का मारायचा. काटा केसभर जरी कलला तरी दुकानदाराची धडगत नसे. घरीसुद्धा दूधवाल्याचं माप ते डोळ्यांच्या पातळीवर धरून बघत. दूधवाला त्यांच्याकडे न बघता बायकोकडे बघायचा, आणि ती "घाला हो, घाला" अशी खूण करायची.

आता त्या रेकॉर्डविषयी सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापायी झालं.

बायको घरी कपडे शिवायची. एकदा ती दोरा आणायला गेली आणि येताना शेजारच्या दुकानातल्या जुन्या मालाच्या ढिगातून एक रेकॉर्ड घेऊन आली. कव्हरवर एका लाँड्रीच्या दारात चार तरुण उभे होते. तिघे आपल्याकडे बघत होते, चौथा भलतीकडेच. "घेतलीस कशाला? गाणारे कोण आहेत माहीत तरी आहे का?" असं मापेसाहेबांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ह्या चौथ्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय बघा. लावून द्यायला कोणी नसावं." या निकषावर त्या घरात संगीत आलं.

त्या चौघांनी ही एकच रेकॉर्ड काढली. ती कोणी घेतली नाही, आणि ते चौघे आपापल्या उद्योगाला लागले. पण रेकॉर्ड काय होती! पहिलं गाणं सुरू होतं असं म्हणताच यायचं नाही. दार ढकलून कोणी घरात शिरावं तसं ते शिरायचं. गिटारी अशा खणखणीत की खिडकीची काच त्यांच्याबरोबर गायची. एकाने ओळ उचलावी, दुसऱ्याने वरच्या सुरात तिला हात द्यावा, आणि गाणं रेंगाळायच्या आत संपून जावं. शब्द त्या दोघांना निम्मेशिम्मे समजत. समजले तेवढ्यावरून त्या मुलांचं काही बरं चाललेलं नव्हतं. एकीने फोन उचलला नाही, दुसरी बसमध्ये चढली ती परत आली नाही, तिसरीचं दुसऱ्याशी लग्न ठरलं. आणि हे सगळं ते टाळ्या वाजवत, उड्या मारत सांगत होते.

"इतकं वाईट झाल्यावर माणूस असा गातो?" मापेसाहेबांनी एकदा विचारलं होतं.

"मग काय रडत सांगायचं? ऐकायला थांबेल कोण?" बायको म्हणाली आणि शिलाई मशीनचं चाक फिरवायला लागली. तिची मशीन त्या रेकॉर्डच्या तालावर चालायची. लाँड्रीवाली, म्हणजे ही रेकॉर्ड, लागली की गिऱ्हाइकांचे कपडे वेळेच्या आधी तयार होत.

तिसऱ्या गाण्यात टाळ्या होत्या. चार टाळ्या, एक श्वास, मग दोन टाळ्या. बरोबर तिथे खालच्या मजल्यावरून छताला काठी ठोकल्याचा आवाज यायचा. खाली निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांना सगळी इमारत मोठ्या बाई म्हणे. मापेसाहेबांच्या लेखी ती काठी म्हणजे तक्रार होती, आणि तिच्याविरुद्ध त्यांनी इमारतीच्या सचिवांकडे एक सविस्तर खुलासाही दिला होता. सचिवांनी तो वाचून "दोन्ही बाजूंनी सबुरी ठेवावी" असा निर्णय दिला, जो ते पाण्याच्या टाकीपासून मांजरांपर्यंत सगळ्या प्रकरणांत देत.

तर यंत्र काही बरं होईना. शेवटी मापेसाहेबांनी ते चादरीत गुंडाळून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्याच्या हाताची गरज पडली होती, त्यामुळे ते मागच्या गल्लीने गेले. चार दिवसांनी दुरुस्तीवाल्याने यंत्र परत दिलं आणि बरोबर प्लास्टिकची एक छोटी पिशवी पुढे केली.

"साहेब, हा आतला जुना माल. आत कोणीतरी भलताच उद्योग करून ठेवला होता..."

"माझ्या यंत्राला माझ्याशिवाय कोणी हात लावलेला नाही," मापेसाहेब ताडकन म्हणाले.

"मग तुम्हीच..."

"बरं, बरं." पिशवी त्यांनी न बघता खिशात कोंबली, आणि घरी येऊन न बघताच टेबलाच्या खणात फेकली. मान राखायचा तर अशा गोष्टी उघडून बघायच्या नसतात.

मग त्यांनी हात धुतले, लाँड्रीवाली लावली आणि खुर्चीत बसले.

पहिलं गाणं दार ढकलून आलं नाही. त्याने बेल वाजवली, वाट बघितली आणि चपला काढून आत आलं. गिटारी सर्दी झाल्यासारख्या. गाणारा मुलगा दमलेला. एकीने फोन उचलला नाही हे तो असं सांगत होता की वाटावं, बरं झालं नाही उचलला. तिसऱ्या गाण्यातल्या टाळ्या तर एखाद्या लांबलेल्या भाषणाला मिळाव्यात तशा पडल्या. खालून काठीही आली नाही. मापेसाहेबांनी यंत्राच्या डाव्या अंगाला दोन टपल्या मारल्या. त्याने सुई तेवढी उडाली.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र घेऊन पुन्हा दुकानात हजर. दुरुस्तीवाला बाहेर गेला होता, आणि तक्रारी लिहून घेणाऱ्या बाई नियमाने चालणाऱ्या होत्या. हा गुण मापेसाहेबांना एरवी आवडला असता.

"काय तक्रार आहे? फिरत नाही, आवाज नाही की खरखर?"

"फिरतंय. आवाज आहे. खरखर नाही."

"मग?"

"उदास झालंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, तसा प्रकार आमच्याकडे नाही."

"मग 'इतर'मध्ये लिहा."

"इतरमध्ये वास येतो आणि शॉक लागतो, एवढंच आहे. वास येतो का?"

"नाही."

"शॉक?"

"मला बसलाय. यंत्राला नाही."

यंत्र तपासून तसंच परत मिळालं. शेरा होता, दोष आढळला नाही. स्वतः असे हजारो शेरे मारलेल्या माणसाला तो वाचताना काय वाटलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

एव्हाना बातमी इमारतीत पसरली होती आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला होता. एक म्हणाला, खाली लाकडाची फळी ठेवा. दुसरा म्हणाला, फळी आहे म्हणूनच तसं होतंय. सचिवांनी जिन्यात गाठून सांगितलं की विजेचा दाबच कमी आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी सबुरी ठेवावी. दुसरी बाजू म्हणजे वीज, असं गृहीत धरून मापेसाहेबांनी मान हलवली.

मुलीने ऐकलं आणि ती तडक आली आणि बापाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांना एका बंद खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. बाहेर आल्यावर म्हणाले, "कान उत्तम आहेत." येताना रिक्षात मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, रागावू नका. आई गेल्यापासून तुम्हाला सगळंच हळू चाललंय असं वाटत असेल."

मापेसाहेब रागावले नाहीत. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, हीच अडचण होती. सकाळ हळू जात होती, दुपार तर जातच नव्हती. मग रेकॉर्डनेच तेवढी धाव का घ्यावी?

तरी एक शेवटचा प्रयत्न म्हणून ते जाणकारांकडे गेले. जाणकार समोरच्या इमारतीत राहत. त्यांच्याकडे भिंतभर रेकॉर्डी होत्या आणि एक असं महागडं यंत्र, की ते पुसतानासुद्धा श्वास रोखून पुसत. त्यांनी लाँड्रीवाली उलटसुलट करून पाहिली.

"हं. पॉवर-पॉप."

"पॉवर? म्हणजे विजेवर चालतं म्हणून?"

"नाही हो. गिटार दणदणीत, सूर गोड, आणि मुलगी निघून गेलेली. त्याला पॉवर-पॉप म्हणतात. या जातीच्या पुष्कळ चांगल्या रेकॉर्डी दुर्लक्षित राहिल्या."

मापेसाहेबांना भरून आलं. त्यांच्या बायकोने एका तुटक्या बटणावरून जे ओळखलं होतं, त्याला नाव होतं, जात होती. पण मग जाणकारांनी रेकॉर्ड आपल्या यंत्रावर लावली, डोळे मिटून दोन गाणी ऐकली, आणि डोळे उघडून म्हणाले, "ही मात्र उगाच नाही दुर्लक्षित राहिली. चाली चांगल्या आहेत, पण अंगात जीव नाही. संथ. तुम्हाला नको असली तर द्या, कव्हर बरं आहे. रविवारी येऊन घेऊन जाईन."

जिना उतरता उतरता मापेसाहेबांनी हिशेब मांडला. कान ठीक, यंत्र ठीक, आणि जगातल्या उत्तम यंत्रावरही ती तशीच. म्हणजे ती मुळात तशीच होती. मग इतकी वर्षं त्या घरात जे वाजत होतं, ज्यावर मशीन धावायची, ज्यावर बायको केर काढता काढता गिरकी घ्यायची, ते होतं तरी काय? दोघांचा भ्रम? आणि दोघांतलं एक गेल्यावर तो भ्रम एकट्याने खरा मानायचा कसा? घरी येऊन त्यांनी रेकॉर्ड कव्हरात घातली आणि दाराजवळच्या स्टुलावर ठेवून दिली. रविवारी नेऊ दे.

शनिवारी दुपारी दार वाजलं. दारात मोठ्या बाई, काठीवर रेलून धापा टाकत होत्या. गुडघ्यांमुळे त्या वरच्या मजल्यावर कधी चढत नसत.

"अहो मापेसाहेब, तुमचं ते टाळ्यांचं गाणं आजारी आहे का?"

"बसा, बाई. म्हणजे काय?"

"परवा लावलंत ना? मी काठी वर धरून उभी. चार टाळ्या, एक श्वास, दोन टाळ्या. मी ठोकायला गेले तर टाळ्या आल्याच नाहीत! ताटकळले. हात भरून आला माझा."

"पण तुम्ही तर तक्रार म्हणून ठोकत होता!"

"पहिली दोन-चार वर्षं तक्रार होती," बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "पुढे सवय झाली. आणि खरं सांगायचं तर माझ्या घरी ताल धरण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तुमच्या मंडळींना माहीत होतं की. त्या वरून पाय आपटून उत्तर द्यायच्या. दोनदा."

ज्या काठीविरुद्ध मापेसाहेबांनी सविस्तर खुलासा केला होता, ती काठी इतकी वर्षं गाण्यात वाजत होती. आणि आता तीच त्यांची एकमेव साक्षीदार होती. कान बरोबर होते. रेकॉर्ड पूर्वी खरंच अशी संथ वाजत नव्हती.

"म्हणजे तुम्हालाही हळू वाटतं?"

"वाटतं काय? आहेच. टाळ्या वाजवूनच सांगते बघा." आणि बाईंनी वाजवून दाखवल्या. तोच तो जुना खटका.

साक्षीदार मिळाल्यावर निरीक्षकाला पुरावा आठवला. मापेसाहेबांनी खण उघडून ती प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. आतून एक काळं इलॅस्टिक पडलं. मुळात ते गोल जोडलेलं होतं, आता एका जागी झिजून तुटलेलं. जोडाची दोन्ही टोकं तिरकी कापून, एकावर एक न ठेवता समोरासमोर टेकवून शिवलेली होती. टाके इतके बारीक की बोटाला लागूही नयेत, आणि शेवटी तीन गाठी. मापेसाहेबांच्या अंगातल्या शर्टाच्या प्रत्येक बटणाखाली तशाच तीन गाठी होत्या.

इलॅस्टिक काही जन्मभर टिकत नाही. दर थोड्या दिवसांनी ते सैल पडत असणार. मग यंत्र अडत असणार. मग मापेसाहेब दोन टपल्या मारून कामावर जात असणार.

त्यांनी त्या तीन गाठींवरून बोट फिरवलं. बाईंनी हयातभर वर्ग सांभाळले होते. कधी गप्प बसायचं ते त्यांना कळत होतं.

मग मापेसाहेबांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "तेच तर सांगत होतो, साहेब! त्या मोटरला पातळ रबरी पट्टा लागतो. इलॅस्टिक जाड. जाड पट्टा घातला की चकती जोरात फिरते. तुमची रेकॉर्ड इतकी वर्षं वेगाने वाजत होती. मी आता बरोबर करून दिलंय."

"म्हणजे आधीचं..."

"चूक होतं, साहेब. सरळ सरळ मापात खोट."

हे शब्द मापेसाहेबांना ऐकावे लागले. ज्यांनी केसभर कललेल्या काट्यासाठी भल्याभल्यांना घाम फोडला, त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या नाकासमोर, जन्मभर खोटं माप चाललं होतं, आणि तेही त्यांच्याच बायकोच्या हातचं. त्यांनी फोन ठेवला. मग उठून शिवणाचा डबा काढला. ती गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. आत काळ्या इलॅस्टिकची गुंडाळी होती.

"सुईत दोरा ओवता येतो का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मलाही आता दिसत नाही. ओवा तुम्ही. मी ओरडते."

शनिवारची उरलेली दुपार आणि रविवारची सकाळ कशी गेली ते इमारतीने ऐकलं. बाई खाली आपल्या घरी जाऊन छताखाली उभ्या राहिल्या. ठरलं असं की एक ठोका म्हणजे हळू, दोन म्हणजे जोरात. मापेसाहेबांचं पहिलं इलॅस्टिक सैल झालं. गाणारा मुलगा जांभई देत विहिरीत उतरला. एक ठोका. दुसरं इतकं घट्ट की मोटर कण्हली आणि चकती हललीच नाही. खालून प्रश्नार्थक शांतता. तिसरं त्यांनी मजबुतीसाठी दुहेरी घेतलं, तर चारही मुलं खारी होऊन पळत सुटली. दोन ठोके, आणि मग बाईंचं हसू वरपर्यंत. चौथ्याचा वेग जवळपास आला, पण टोकावर टोक ठेवून शिवल्यामुळे जोडाला उंचवटा झाला आणि गाणं दर फेरीला लंगडायला लागलं. तेव्हा त्यांनी बायकोचा तुटका तुकडा समोर ठेवला आणि शाळकरी मुलासारखं बघून बघून कापलं. तिरकं. समोरासमोर. बारीक टाके. बोटाला तीनदा टोचलं. दोनदा त्यांनी स्वतःच्या पायजम्यालाच इलॅस्टिक शिवलं. सचिव दारावरून जाता जाता म्हणाले, "दोन्ही बाजूंनी..." आणि आतली मुद्रा बघून पुढे गेले.

रविवारी दुपारी मुलगी आली, तिच्या पाठोपाठ जाणकार पिशवी घेऊन आले. स्टुलावर रेकॉर्ड नव्हती. मापेसाहेब यंत्रासमोर उकिडवे बसले होते, तोंडात दोरा.

"बाबा, यंत्र परत उघडलंत? टपल्या मारून झाल्या वाटतं?"

त्यांनी दोरा तोडला. "टपल्यांनी कधीच काही झालं नाही. मी टपल्या मारून बाहेर जायचो. दुरुस्त तुझी आई करायची."

मुलीने ते टाके लांबून पाहिले आणि ओळखले, कारण शाळेचे सगळे कपडे तिने त्याच टाक्यांत घातले होते. हे थोडे वेडेवाकडे होते, एवढंच.

मापेसाहेबांनी पट्टा चढवला, वर चकती ठेवली, रेकॉर्ड ठेवली, आणि सुई सोडली.

दार ढकलून गाणं घरात शिरलं. खिडकीची काच खणखणली. दोन गिटारी एकमेकींना ढकलत पुढे आल्या, एकाने ओळ उचलली, दुसऱ्याने वरून हात दिला. एकीने फोन उचलला नाही, उचलला नाही, उचललाच नाही, आणि त्या मुलाला ते जगाला ओरडून सांगितल्यावाचून राहवेना. मुलीने खांद्यावरची पर्स काढायच्या आत तिचा एक पाय हलायला लागला होता. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनचा कप्पा आपल्या आपण थरथरत होता. दुसरं गाणं आलं आणि संपलंही. जाणकारांनी डोळे मिटले नव्हते. ते कव्हरवरच्या चौथ्या मुलाकडे बघत होते.

"हीच?" त्यांनी विचारलं. "हीच ती रेकॉर्ड? अहो, ही तर... ह्यांनी अशी वाजवली असती तर!" मग त्यांच्यातला जाणकार जागा झाला. "पण मापेसाहेब, वेग चुकतोय. हा मूळ वेग नाही."

तिसरं गाणं लागलं होतं. मापेसाहेबांनी बोट वर करून त्यांना थांबवलं. चार टाळ्या पडल्या. गाण्याने श्वास घेतला. मग दोन टाळ्या, आणि त्यांच्यावर अगदी तंतोतंत, खालून काठी.

"माप बरोबर आहे," मापेसाहेब म्हणाले.

आणि त्यांनी डाव्या पायाने जमिनीवर दोन टपल्या मारल्या. फार जोरात नाही, फार हळूही नाही.